न धुवायचा झगा

"उंदरानं कुरतडला म्हणून सांगू. तिला काय कळणार आहे त्यातलं!"

चुलीवर भोपळ्याचा मुरंबा रटरटत होता. त्या आवाजाच्या आडोशानं दोना एर्मेलिंदा आपल्या मुलीला असं म्हणाल्या आणि मुलगी, ग्रासिएते, फिसकन हसली.

"मोठा हुशार उंदीर गं आई! नेमका पाठीच्या मधोमध चढला आणि सरळ रेघ मारत वर गेला!"

"दात काढू नकोस. सुईत दोरा ओवून दे, मला दिसत नाही."

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो मी दोना एर्मेलिंदांच्या मांडीवर पालथा पडलो होतो. कोठीच्या दारात दालचिनीची बरणी घेऊन उभी राहिलेली नवी सून मला दिसली. मला डोळे कुठून आले म्हणाल, तर लोकर सगळ्या अंगानं पाहते. त्या दोघींची पाठ तिकडे होती. सुनेचं पुढे आलेलं पाऊल तसंच मागे गेलं. थोड्या वेळानं ती चपला वाजवत, उगाच खाकरत पुन्हा आली आणि म्हणाली, "दालचिनी सापडली, आई."

"सापडली का? बरं झालं," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या आणि माझ्यावर घाईघाईनं ॲप्रन टाकला.

मी एक झगा आहे. कोइंब्राच्या टेकडीवरच्या विद्यापीठात शिकणारी मुलं खांद्यावर टाकतात तो. काळा, लोकरीचा, बाह्या नसलेला, पायघोळ. परसातल्या संत्र्याच्या झाडापासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवरून मी तुमच्याशी बोलतोय, आणि मी ओला आहे. हे सांगतानाही मला चोरट्यासारखं होतं, कारण आमच्यापैकी कुणालाच कधी धुवत नाहीत. निथळता निथळता जेवढं आठवतंय तेवढं सांगून टाकतो. थेंबागणिक कमीच होत चाललंय.

जन्म म्हणाल तर डोंगरावरचा. एश्त्रेलाच्या उतारावर मी मेंढीच्या अंगावर होतो तेव्हा पांढरा होतो; पांढरा म्हणायचं आपलं, मळकाच. गिरणीत मला पिंजलं, कातलं, विणलं आणि काळ्या रंगाच्या कढईत सोडलं. त्या कढईतलं एवढंच आठवतं की फार ऊब होती आणि फार अंधार होता, आणि तो अंधार मला आवडला. नंतर कितीतरी वेळा माझ्याखाली डोकं खुपसून झोपलेल्या मुलांनाही तो आवडला.

तिथून शिंप्याच्या दुकानात. समोर स्टुलावर एक उंच, लाजाळू पोरगा उभा होता, झासिंतु. बाजूला त्याची आई, याच दोना एर्मेलिंदा, तेव्हा रंगीत कपडे घालायच्या.

"लांब ठेवा हो. अजून वाढेल तो."

"बाई, याहून वाढला तर दारातून आत येणार नाही," शिंपी तोंडातल्या टाचण्या सावरत म्हणाला.

"असू दे. वकील होणार आहे. वकिलाला कापड कमी पडता कामा नये."

म्हणून मी जरा जास्तच लांब झालो. झासिंतुलाही घोट्याखाली यायचो.

आमचं आयुष्य इतर कपड्यांसारखं नसतं. कपडा फाटला की माणसं हळहळतात. आम्हाला मात्र मुद्दाम फाडतात, तेही दातांनी. डाव्या कडेला घरच्यांनी फाडायचं, उजव्या कडेला मित्रांनी. पाठीच्या मधोमधची जागा एकाच माणसासाठी राखलेली असते आणि ती कुणासाठी हे न बोलताही सगळ्यांना कळतं. दुखतं का, असं विचाराल तर नाही. अंगावर नाव घातल्यासारखं वाटतं.

झासिंतु पहिल्यांदा वर निघाला त्या सकाळी त्याच्या आईनं माझी डावी कड दातात धरली आणि टर्रकन ओढली. नंतर बापाची पाळी. तो बेकरीतून तसाच आला होता. हात पुसले तरी त्याच्या बोटांचं पीठ माझ्या चिरेत राहिलंच. पुढे कितीतरी दिवस झासिंतुला घरची आठवण आली की तो तिथं बोट फिरवायचा आणि ते पांढरट झालेलं बोट बघत बसायचा.

वरचे ते दिवस मला एकापाठोपाठ एक असे आठवत नाहीत. धुक्यात नदीकाठची झाडं दिसतात तसे दिसतात. खालचं बूड नाहीसं, वरचा शेंडा मात्र स्वच्छ. मोंदेगु नदीचा ओलसर वास. पायऱ्यांवर बसलेली पोरं, त्यांच्या मांड्यांवर मी आणि माझ्यासारखे आणखी काही, सगळे मिळून एक मोठी काळी गोधडी. कुणीतरी गिटार लावतंय आणि ती काही केल्या लागत नाही. कुणाचा तरी वाइनचा पेला कलंडतो आणि सगळे टाळ्या पिटतात, कारण डाग पडला म्हणजे दिवस पक्का झाला. मुलांची समजूतच तशी होती. जोवर शिकणं चालू आहे तोवर झगा पाण्याला दाखवायचा नाही, नाहीतर साठवलेले दिवस वाहून जातात.

नदीकाठच्या पॉप्लरच्या सावलीत एका दुपारी तेल्मा नावाच्या मुलीनं मला मधोमध फाडलं. हसता हसता तिच्या दातात माझा धागा अडकला आणि तो काढायला झासिंतुला बराच वेळ लागला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढे ती लिस्बनला गेली. पत्रं यायची, मग यायची थांबली. असं झालं की मधली फाट शिवून टाकायची असते. पण काळ्या दोऱ्यानं लपवून नाही. ज्याची जी शाखा त्या रंगाच्या दोऱ्यानं, उघड उघड, म्हणजे होतं आणि आता नाही, हे चारचौघांना दिसतं. कायद्याचा रंग लाल. झासिंतुनं लाल दोऱ्याचं रीळ आणलंही होतं. पण तो शिवायला बसण्याआधीच घरून तार आली. बाप भट्टीपाशी कोसळला होता.

बापाला पोचवायला झासिंतु मला पांघरूनच गेला. घरी आल्यावर त्यानं मला घडी घालून पेटीत ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि पीठ मळायला घेतलं. "थोडे दिवस," असं तो आईला म्हणाला होता. आई तोवर काळ्या कपड्यांत गेली होती.

पेटीतला काळ कसा जातो हे मला सांगता येणार नाही. तिथं तमालपत्रं होती, मिरे होते आणि भिंतीपलीकडची भट्टी होती. रोज पहाटे पावाचा वास फटीतून आत यायचा आणि मला वाटायचं, आता उठायचं, पायऱ्या चढायच्या. मग तो वास विरायचा आणि मी पुन्हा पायऱ्यांवर बसलेला असायचो, मांडीवर कुणीतरी डोकं ठेवलेलं. कधी वाटे की मी पुन्हा मेंढीच्या अंगावर आहे आणि ती मेंढी टेकडीवरच्या घंटेचे टोले ऐकत चरतेय. स्वप्न कुठलं आणि आठवण कुठली, याचा पेटीत फारसा फरक पडत नाही.

पेटी उघडली ती ओंदिनामुळे.

ओंदिना स्टेशनमास्तरची मुलगी. रोज पाव न्यायला यायची. बोलणं कमी. पण गिऱ्हाइकांची रांग असली की ती एकेकाकडे असं बघायची, जणू घरी जाऊन सगळ्यांच्या नकला करणार आहे. झासिंतु तिला नेहमी ताजा, हात भाजेल असा पाव द्यायचा आणि ती तो या हातातून त्या हातात झेलत घरी न्यायची. उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. आणि लग्नात वाटायचे साखरेचे बदाम अजून डब्यात शिल्लक असतानाच निकाल आला. ओंदिनाला वर, विद्यापीठात, गणिताला जागा मिळाली होती.

बेकरीत चर्चेला ऊत आला. "नवरा पीठ मळणार आणि बायको बेरजा शिकणार होय?" एका बाईनं विचारलं.

"आमच्या घरातून एक वर गेला होता, आता दुसरी जातेय. तुम्हाला पाव हवाय की उत्तर?" दोना एर्मेलिंदांनी तिचं तोंड बंद केलं. त्यांचं हे मला आवडलं. पण पुढचं वाक्य त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "झासिंतुचं राहिलं ते ही पुरं करील."

ओंदिना गल्ल्यामागे उभी होती. आगगाडीत अनोळखी बाईनं 'जरा धरा हं' म्हणून आपलं पोर मांडीवर द्यावं आणि स्टेशन आलं तरी ते परत घेऊ नये, तसा तिचा चेहरा झाला.

मग सुरू झालं ते कपड्यांचं. आठवड्याचे पाच दिवस वर भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवारी घरी यायचं, म्हणजे किती न्यायचं आणि कोणतं? पलंगावर ढीग पडला. पेटी पलंगाच्या पायथ्याशीच होती. सगळं मला ऐकू येत होतं.

"वहिनी, तू जीन्स घे. माझी घालून बघ. तिथं सगळ्या पोरी जीन्समध्ये असतात." ग्रासिएते केशकर्तनालयात कामाला होती आणि जगात कोण काय घालतं याची तिला पक्की माहिती असायची.

"ती पोरगी नाही, ती लग्न झालेली बाई आहे," दोना एर्मेलिंदा म्हणाल्या. "ओंदिना, आतून लोकरीची बंडी घालायची. टेकडीवर वारा असतो. आणि हा माझा काळा स्कर्ट घे, आत घेऊन देते. काळ्याची या घरात ददात नाही."

"आई, तो तुझा बाबांच्या दुःखाचा स्कर्ट आहे!"

"मग? चांगलं कापड आहे. दुःखानं काही झिजलेलं नाही."

"वहिनी, तू शिकायला जातेयस की मयताला?"

दारात झासिंतु येऊन उभा राहिला होता. बोटांना कणीक. "तुला आवडेल ते घे ना," तो बायकोला म्हणाला.

"म्हणजे कोणतं?"

"म्हणजे... सगळंच छान आहे."

या उत्तराचा आजवर कुठल्याही बाईला उपयोग झालेला नाही. ओंदिनानं मान डोलावली आणि ढिगाच्या तळातून आपला मोहरीच्या रंगाचा स्वेटर ओढून काढला. गाड्यांच्या वेळा सांभाळत, स्टेशनवरच्या बाकावर बसून, परीक्षेचा अभ्यास पाठ म्हणत तिनं तो विणला होता. एक बाही दुसरीपेक्षा किंचित लांब होती.

"शी! हा घालून वर जाणार? लोक म्हणतील बेकरीवाल्यांची सून डब्यातली मोहरी सांडून आली." दोना एर्मेलिंदांनी तो बाजूला टाकला आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. "थांबा. आपल्या घरातला झगा आहे की! नवा कशाला? झासिंतुचाच वर जाईल!"

पेटीचं झाकण उघडलं. एवढा उजेड एकदम अंगावर आला की मी क्षणभर आंधळाच झालो. त्यांनी मला ओंदिनाच्या खांद्यावर टाकलं. ती ठेंगणी. माझा बराचसा भाग जमिनीवर पसरला.

"पाद्री आले!" ग्रासिएते किंचाळली. "मला आशीर्वाद द्या, फादर!"

मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. खांदा! कितीतरी काळानंतर खांदा! मी वर जाणार होतो. पायऱ्या, धुकं, न लागणारी गिटार. मला दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात दोना एर्मेलिंदांचा हात माझ्या पाठीवरून फिरला आणि मध्यावर थबकला. त्यांनी मला झटकन सुनेच्या अंगावरून ओढून घेतलं. "जरा... जरा उसवलाय कुठं कुठं. मी नीट करून ठेवते."

पुढचं तुम्ही ऐकलंच आहे. उंदीर आणि मुरंबा.

दोना एर्मेलिंदांनी काळ्या दोऱ्यानं माझी मधली फाट अशी रफू केली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. नव्या सुनेला दुसरीचे दात दिसू नयेत, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं. पण आमच्या भागात मधल्या फाटेचा अर्थ ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. स्टेशनमास्तरच्या मुलीनं तर शनिवार-रविवारच्या गाड्यांत आयुष्यभर हेच झगे चढता-उतरताना पाहिलेले.

त्याच दुपारी घर झोपलेलं असताना ओंदिनानं मला पलंगावर पसरलं. डोळे मिटून बोटं फिरवत गेली. डावीकडची आईची फाट, बापाची फाट. उजवीकडे मित्रांच्या झिरमिळ्या. मग मधोमध, जिथं कापड नुसतं जास्त गुळगुळीत लागत होतं, तिथं बोट थांबलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती स्वतःशीच म्हणाली, "उंदीर!" आणि तिला हसू आलं. मग हसू गेलं आणि तिनं मला पुन्हा एकदा हातानं सपाट केलं.

मी घाबरलो. हिनं मला नको म्हटलं तर पुन्हा पेटी.

झासिंतु झोपेतून उठून आला, तिच्याशेजारी टेकला.

"तुला कधी परत वर जावंसं वाटतं?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"पाव कोण भाजणार?"

हे उत्तर नव्हतं. प्रश्नाला दिलेला प्रश्न होता. ते दोघांनाही कळलं. झासिंतुचा हात माझ्यावर आला. डाव्या कडेला त्यानं बापाची फाट शोधली आणि बोट उजेडात धरून पाहिलं. पीठ नव्हतं, केव्हाच गळून गेलं होतं. मग हात मधोमध आला, तिथं काही सापडेना तसा गोंधळला, पुन्हा चाचपडला. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर पाहत होती. या घरात माणसं भट्टी पेटवायला जेवढी तत्पर तेवढी तोंड उघडायला नाहीत.

त्या दिवसापासून ओंदिनाचं कपडे निवडणं थांबलं. सासू देईल ते ती बॅगेत ठेवायची. बंडी? बरं. काळा स्कर्ट? बरं. दुसऱ्या कुणाचा तरी राहिलेला प्रवास पुरा करायला निघालेल्या माणसासारखी ती बॅग भरत होती. रोज बॅग भरत होती आणि रोज तिच्यात तिचं स्वतःचं काही नव्हतं. माझ्या लक्षात आलं की तिची आणि माझी गत एकच आहे. आम्हा दोघांना वर पाठवायचं होतं, पण तिसऱ्याच्याच बदली.

तरी मला जायचंच होतं. लोकरीलाही लोभ असतो.

आज सकाळी, म्हणजे ओंदिना जायच्या आदल्या दिवशी, दोना एर्मेलिंदांनी मला उजेडात धरलं. रफूच्या बाजूला किंचित चुणी पडली होती आणि मिऱ्याचा वास काही जात नव्हता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. धुवायचं नसतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण मनाशी त्यांनी हिशेब मांडला, तो पुटपुटताना मी ऐकला. "शिकणं चालू असेल तोवर धुवायचा नाही. याचं तर संपलं. आणि तिचं अजून सुरू व्हायचंय. मग आज धुतला तर काय बिघडलं?"

इतका सरळ हिशेब, त्यात चूक काढायला जागाच नाही असं वाटावं. परसातल्या दगडी हौदात भट्टीवरचं कढत पाणी ओतलं गेलं. निळ्या साबणाची वडी निघाली. मी पाण्यात उतरलो.

खरं सांगू? पहिल्यांदा छान वाटलं. रंगाच्या कढईतल्यासारखी ऊब. मग काहीतरी सुटायला लागलं. आधी नदीचा चिखल गेला. मग वाइन गेली, आणि तिच्यामागोमाग तिच्या टाळ्या गेल्या. मेणबत्तीचं मेण, कुणाचा तरी ताप, कुणाच्या तरी केसांचं तेल. गाण्यांचे शब्द गेले, मग चालीही गेल्या. पाणी काळं झालं, करडं झालं. दोना एर्मेलिंदा जोर लावून घासत होत्या आणि म्हणत होत्या, "बाई बाई, केवढी ही घाण!" मी त्या पाण्याकडे बघत होतो. माझंच होतं, आणि मोरीच्या दिशेनं चाललं होतं.

तर असा मी दोरीवर आलो. एका बाजूला उशीचे अभ्रे, दुसऱ्या बाजूला झासिंतुचे पांढरे कामाचे शर्ट. ऊन कोवळं आहे. वारा आला की शर्टांच्या बाह्या माझ्याकडे येतात आणि परत जातात. अंगात आता फार थोडं उरलंय. धुक्यातली झाडंही गेली, नुसतं धुकं आहे. पण एक गोष्ट साबणाला निघाली नाही. आपण कुठंतरी चढून जायचे होतो, एवढं मला अजून कळतं.

तुमच्याही घरात कुणाचं तरी असं काही पेटीत असेल. अर्धवट विणलेलं, दोन वर्षं वापरलेलं, थोडे दिवस म्हणून ठेवलेलं. माझं एकच मागणं आहे. ते खुशाल पेटीत राहू द्या, पण ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय ते संपलं असं ठरवू नका.

मागचं दार वाजलं. ग्रासिएते कामावरून आली आणि दारातच थिजली.

"आई! झगा धुतलास?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू दे! दादाचं संपलं, असं तू ठरवलंस?"

"मी कुठं ठरवलं? त्यानंच नाही का..." दोना एर्मेलिंदांचं वाक्य तिथंच राहिलं, कारण आवाजानं उठून झासिंतु बाहेर आला होता, अनवाणी, केस विस्कटलेले. त्यानं मला पाहिलं. माझ्यातून एक थेंब पडला तो त्यानं पडेपर्यंत पाहिला. "असू दे, आई," तो म्हणाला. "कापडच ते."

त्यानं ओरडायला हवं होतं. निदान मला तरी तसं वाटलं.

ओंदिना हातातली बॅग तशीच घेऊन आली होती. दोना एर्मेलिंदांनी घाईनं मला दोरीवरून खेचलं आणि काहीतरी चांगलं निघावं म्हणून तिच्या पाठीला लावून पाहिलं. कढत पाण्यानं मी आखडलो होतो. जमिनीवर लोळणारा मी आता बरोबर तिच्या पोटऱ्यांपाशी थांबलो.

"अगं, बघा! बघा तरी! हिच्याच मापाचा झाला! देवानंच केलं!"

खरंच झालो होतो. शिंप्यालाही जमलं नसतं इतका बेताचा. मला वाटलं, झालं, आता जाणार मी.

"आणि हे काय?" ग्रासिएतेनं माझ्या पाठीवर बोट ठेवलं. लोकर आखडली होती पण सुती दोरा आखडला नव्हता. लपवून घातलेला टाका न् टाका फुगून वर आला होता आणि मधोमध, खालपासून वर, जखमेच्या व्रणासारखी काळी रांग उभी होती. आंधळ्यालाही दिसली असती.

दोना एर्मेलिंदा एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "ते... उंदीर..." ओला काठ त्यांनी डोळ्यांना लावला, आणि तो माझा होता म्हणून मी सांगू शकतो की त्या खरंच रडत होत्या. "तुला वाईट वाटू नये म्हणून गं पोरी."

ओंदिनानं बॅग खाली ठेवली, उघडली, वरची बंडी आणि काळा स्कर्ट काढून व्यवस्थित घडीसकट सासूच्या हातात दिले. मग मला आपल्या पाठीवरून उतरवून नवऱ्याच्या खांद्यावर टाकलं. मी त्याच्या गुडघ्यांपर्यंतच पोचलो. जुन्या कपड्यात उभ्या राहिलेल्या वाढत्या पोरासारखा तो दिसत होता. तिनं माझी कड सारखी केली.

"वाईट नाही वाटलं, आई. उंदराचं ऐकलं होतं मी, तेव्हाही नाही वाटलं. फक्त मधलं ते उसवून टाका. शिवायचं की तसंच ठेवायचं ते झासिंतु बघेल, आणि शिवलंच तर लाल दोऱ्यानं शिवेल, लपवून नाही. मी उद्या माझा मोहरीचा स्वेटर घालून जाणार आहे, कारण मी माझ्या गणितासाठी चाललेय, कुणाचं राहिलेलं आणायला नाही. आणि झासिंतु, तुझं राहिलंय ते तुझं तू आण. पाव कोण भाजणार ते आपण सगळे मिळून बघू. झगा गुडघ्याला आला म्हणून वर कुणी परत पाठवत नाही. ये तू. मी बाकावर जागा धरून ठेवते."